खटपट : कुंडीतलं फूल आणि आईचा मिक्सर

दोस्तांनो,

या आठवड्यात आलेल्या पत्रांमधलं एक पत्र मी तीनदा वाचलं. पहिल्यांदा हसलो, दुसऱ्यांदा गंभीर झालो आणि तिसऱ्यांदा कागद-पेन्सिल घेऊन हिशेब मांडायला बसलो. पत्र आठवीतल्या एका मैत्रिणीचं आहे. ती लिहिते :

"काका, मागच्या वर्षी स्नेहसंमेलनात मी जादू केली. रिकाम्या कुंडीवर रुमाल धरायचा, मंत्र म्हणायचा आणि फूल हळूहळू वर यायचं. टेबलाखाली माझा धाकटा भाऊ बसला होता. तो दोरा ओढणार होता. पण दोरा अडकला, त्याने जोरात ओढला, टेबलक्लॉथ सरकलं आणि त्याचा हात सगळ्यांना दिसला. सगळी शाळा हसली. तेव्हापासून तो स्टेजचं नाव काढत नाही. मी या वर्षी मोटर लावणार आहे, म्हणजे त्याला खाली बसायलाच नको. आमचा जुना मिक्सर आहे. आई कधीकधीच वापरते. त्याची मोटर काढली तर चालेल का?"

पत्राच्या शेवटी तिने दुसऱ्या शाईने लिहिलंय, "आईला अजून विचारलेलं नाही."

तर मैत्रिणी, आधी झटकन उत्तर देतो. मिक्सरला हात लावू नकोस. आई रागावेल हे कारण आहेच, पण त्याहून मोठी दोन कारणं आहेत. मिक्सरची मोटर घरातल्या २३० व्होल्टच्या विजेवर चालते. तुमच्या कुंडीत माती असेल, कुणी हौसेने पाणी घालेल, स्टेजवर धावपळ असेल, कुठेतरी वायरवरची पट्टी निघालेली असेल. अशा ठिकाणी भिंतीतली वीज नको म्हणजे नको. यात घासाघीस नाही. दुसरं म्हणजे ती मोटर या कामाची नाहीच. मिक्सरचं पातं मिनिटाला अठरा-वीस हजार फेरे घेऊ शकतं. तुझ्या फुलाला वर यायला किती फेरे लागतात ठाऊक आहे? पाच!

कसे ते सांगतो, कारण मोटर निवडायची सगळी गंमत या हिशेबातच आहे. दुकानात जाऊन "एक मोटर द्या" म्हणणं म्हणजे कापडाच्या दुकानात जाऊन "एक कापड द्या" म्हणण्यासारखं आहे.

तुझं फूल कुंडीतून एक वीत, म्हणजे जरा ऐसपैस धरून ३० सेंटिमीटर वर यायचं आहे. काठीच्या खालच्या टोकाला दोरा बांधलेला. तो नळीतून वर येतो, नळीच्या काठावरून वळतो, पुन्हा खाली जातो आणि रिळावर गुंडाळला जातो. रीळ फिरलं की काठी वर. शिवणाच्या दोऱ्याचं रिकामं रीळ घे. त्याची जाडी २ सेंटिमीटर धरली तर घेर ३.१४ गुणिले २, म्हणजे सव्वासहा सेंटिमीटरच्या आसपास. एका फेऱ्यात सव्वासहा सेंटिमीटर दोरा गुंडाळला गेला, तर ३० सेंटिमीटरला किती फेरे? पाचाला थोडे कमी. झालं!

आता हे पाच फेरे किती वेळात हवेत? इथे गणित थांबतं आणि जादू सुरू होते. तीन सेकंदांत फूल वर आलं तर लोकांना वाटेल, खाली स्प्रिंग आहे. मिनिटभर लागला तर मागच्या बाकावरची मुलं शेंगदाणे खायला लागतील. माझ्या मते पंधरा ते वीस सेकंद उत्तम. फूल वर येतंय की नाही असं पाहणाऱ्याला वाटलं पाहिजे आणि मग अचानक लक्षात आलं पाहिजे की अरे, ते तर केव्हाच आलंय! वीस सेकंदांत पाच फेरे म्हणजे मिनिटाला पंधरा. दुकानदार याला आर.पी.एम. म्हणतो, म्हणजे एका मिनिटातले फेरे. तुला हवी आहे पंधरा आर.पी.एम.ची मोटर.

खेळण्यातल्या गाडीची छोटी मोटर तुमच्यापैकी बहुतेकांच्या खजिन्यात असते. दोन सेलवर ती मोकळी फिरवली तर मिनिटाला आठ-दहा हजार फेरे घेते. तिच्या दांडीला रीळ लावलं आणि दोरा बांधला तर काय होतं? काहीच होत नाही. ती नुसती कण्हते, गरम होते आणि थांबते. तिच्याजवळ वेग आहे, पण ओढ नाही. ओढ हवी असेल तर वेग खर्च करावा लागतो. सायकलच्या गिअरसारखंच हे. घाट चढताना पाय भराभर मारायचे, पण चाक हळू फिरवायचं. मोटरच्या तोंडाशी दातेरी चाकांची डबी बसवली की आत मोटर हजारोंनी फिरते आणि बाहेरची दांडी संथपणे, पण ताकदीनं वळते. अशा मोटरीला गिअर मोटर म्हणतात. तुला हीच हवी.

ओढ किती हवी तेही काढू. तू लिहिलंयस की वाण्याच्या काट्यावर फूल आणि काठी मिळून १५० ग्रॅम भरलं. (वाण्याकडे जाऊन फूल तोललंस हे मला फार आवडलं.) रिळाची जाडी २ सेंटिमीटर, म्हणजे मधल्या दांडीपासून दोरा १ सेंटिमीटरवर. १५० ग्रॅम गुणिले १ सेंटिमीटर म्हणजे १५० ग्रॅम-सेंटिमीटर. पण दोरा नळीच्या काठावर घासतो, काठी नळीत घासते. म्हणून दुप्पट करू : ३००. सेल जरा उतरलेले असतील, दमट हवेत काठी फुगलेली असेल, देवाक काळजी! म्हणून आणखी दुप्पट : ६००. मोटरीच्या माहितीत ही ओढ टॉर्क या नावाखाली किलो-सेंटिमीटरमध्ये दिलेली असते. ६०० ग्रॅम म्हणजे ०.६ किलो. तेव्हा एक किलो-सेंटिमीटर किंवा जास्त लिहिलेली कुठलीही गिअर मोटर तुझं फूल हसत हसत उचलेल.

रीळ जाड घेतलं तर? फेरे कमी लागतील, पण दोरा दांडीपासून लांब गेल्यामुळे ओढ जास्त लागेल. बारीक घेतलं तर उलट. मोटर थोडी चुकीची मिळाली तर मोटर बदलण्याऐवजी रीळ बदलून पाहा. हे दुकानदार सांगत नाही, कारण रीळ तो विकत नाही!

आता बाजारात चला. मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात बुधवार पेठेतली तपकीर गल्ली. गावात असं काही नसेल तर मोठ्या माणसाला सांगून घरपोच मागवा. दुकानात तुमच्यापुढे चार-पाच प्रकार येतील. पिवळ्या प्लॅस्टिकच्या डबीतली गिअर मोटर सगळ्यांत स्वस्त. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनातल्या निम्म्या गाड्या तिच्यावर धावतात. पण ती बहुधा साठ, शंभर किंवा त्याहून जास्त फेऱ्यांची असते आणि तिचे प्लॅस्टिकचे दाते कटकट आवाज करतात. गाडीला ठीक, जादूला नाही. दुसरी छोटी निळी सर्व्हो मोटर. दिसायला गोड, नऊ ग्रॅम वजनाची. पण ती अर्धा फेराच फिरते. पक्ष्याची मान हलवायला किंवा पेटीचं झाकण उघडायला तिच्यासारखी दुसरी नाही. पाच फेरे मात्र तिला जमायचे नाहीत.

तिसरी मोटर मोहात पाडणारी आहे, म्हणून तिच्याविषयी जरा सविस्तर सांगतो. मायक्रोवेव्ह ओव्हनमधली काचेची ताटली फिरते ना, तिच्याखालची चपटी मोटर. अगदी हळू फिरते, आवाज जवळजवळ नाही. तिच्यावर "५/६ आर.पी.एम." असं लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ, आपल्याकडच्या पन्नास सायकलच्या विजेवर पाच फेरे आणि अमेरिकेसारख्या साठ सायकलच्या देशात सहा. वाटतं, हीच घ्यावी. पण एक तर यातल्या बऱ्याच मोटरी २३० व्होल्टच्या असतात, म्हणजे पुन्हा भिंतीतली वीज आली. आणि दुसरी खोड म्हणजे ही मोटर सुरू होताना डावीकडे फिरेल की उजवीकडे, हे तिचं तिलाही माहीत नसतं! ताटलीला काय, कुठूनही फिरली तरी भात गरम होतो. तू मात्र मंत्र म्हणशील "वर ये, वर ये", आणि फूल खाली दडी मारून बसेल.

तेव्हा सेलवर चालणारी, धातूच्या दातेरी चाकांची, १२ व्होल्टची, ३० आर.पी.एम.ची गिअर मोटर माग. "पंधरा म्हणालात ना काका, मग तीस कशाला?" इथे माझी आवडती युक्ती आहे. १२ व्होल्टची मोटर ६ व्होल्टवर चालवायची. वेग साधारण अर्धा होतो, म्हणजे पंधरा. ओढही कमी होते, पण या मोटरींमध्ये ती आपल्या गरजेपेक्षा कितीतरी जास्त असते. आणि मुख्य लाभ म्हणजे आतली मोटर निम्म्या वेगाने फिरते, त्यामुळे आवाज खूपच उतरतो. ६ व्होल्टला चार पेन्सिल सेल पुरतात. रेडिओत बसतो तो चौकोनी ९ व्होल्टचा सेल आणू नकोस. त्याचा जीव लहान असतो. मोटरने ओढ मागितली की तो मान टाकतो.

आवाजाविषयी मी एवढं का बोलतो, ते सांगायलाच हवं. १९७९ साली मी नववीत होतो. शाळेच्या संमेलनात माझाही जादूचा प्रयोग होता. बाहुली पेटीतून आपोआप उठून उभी राहणार! मोटर खेळण्यातल्या गाडीची, वेग कमी करायला तिच्यापुढे रबर बँड घालून केलेल्या तीन चकत्या आणि हे सगळं चहाच्या मोठ्या लाकडी खोक्यात बसवलेलं. घरी दहा वेळा करून पाहिलं. आवाज? छे, अजिबात नाही. संमेलनात पडदा उघडला, सगळे चिडीचूप झाले, मी हवेत हात फिरवला आणि गुपचूप बटण दाबलं. खोक्यातून असा काही घरघराट सुरू झाला की मागून एक पोरगा ओरडला, "अरे, दळण आणा रे, गिरणी चालू झाली!" बाहुली उठली होती हो. पण कुणी पाहिलीच नाही. मुख्याध्यापकसुद्धा रुमालाने डोळे पुसत होते.

चूक कुठे झाली ते मला पुष्कळ उशिरा कळलं. घरी मी मोटर गादीवर ठेवून तपासली होती आणि डोक्यावर पंखा फिरत होता. खोकं मात्र रिकामं, पातळ लाकडाचं. तंबोऱ्याचा भोपळा जे काम करतो तेच त्याने केलं. तार बारीक आवाज काढते, भोपळा तो मोठा करून सांगतो. मोटर थेट लाकडाला आवळली की सगळी पेटीच गायला लागते.

म्हणून मोटर आणि लाकूड यांच्यामध्ये सायकलच्या जुन्या ट्यूबचे दोन-तीन थर घाल. स्क्रू अगदी आवळू नकोस, रबर जरा दबेल इतकाच. रीळ मोटरीच्या दांडीवर बसवायला दोन भाग मळून लावायचा एम-सीलसारखा लांबी वापर, पण तो दांडीवरून आत दातेरी चाकांत जाऊ देऊ नकोस. साधा दोरा ताणतो आणि तुटतो, मांजा हात कापतो. मासे पकडायच्या गळाची तंगूस आण. मजबूत असते आणि दुरून दिसतही नाही. नळीच्या काठावर जिथे तंगूस वळते तिथे मेणबत्ती घास. मागच्या वर्षी तुमचा दोरा बहुतेक तिथेच अडकला होता.

नळी आणि मोटर ठेवायला कुंडीखाली चारही बाजूंनी बंद असं पोकळ स्टूल लागेल, कारण ३० सेंटिमीटरची काठी एकट्या कुंडीत मावायची नाही. बटण कुठलं? दारावरच्या घंटीचं घे. दाबलं की चालू, सोडलं की बंद. ते सतरंजीखाली ठेव, वायर सतरंजीखालूनच स्टुलात ने आणि पायाने दाब. फूल पूर्ण वर आलं की पाय उचल. मोटर अडकून बसण्याचा प्रश्नच नाही, कारण तुझा पाय हाच तिचा मालक. आतल्या दातेरी चाकांमुळे फूल सहसा आपल्या वजनाने खाली घसरत नाही. पण घरी पाच मिनिटं वर ठेवून पाहा, म्हणजे खात्री होईल. प्रयोगानंतर काठी खाली न्यायची असेल तर सेलच्या दोन वायरींची अदलाबदल कर. मोटर उलटी फिरेल आणि काठी हळूच खाली जाईल.

आता भावाविषयी. तुला वाटतंय, मोटर आली की त्याची सुटका. मला वाटतं, आता तर तो फारच लागेल. स्टेजवर उभं राहून तुला तुझ्याच मोटरीचा आवाज नीट कळणार नाही. तुझं लक्ष मंत्राकडे, हाताकडे, रुमालाकडे. कुणीतरी समोर दहा फुटांवर बसून डोळे मिटून ऐकायला हवं. पंखा बंद, टीव्ही बंद. तो म्हणेल, "ताई, ऐकू येतंय", की तू रबराचा आणखी एक थर घालायचा. तो म्हणेल, "आता नाही येत", तेव्हाच मोटर पास. घड्याळ घेऊन सेकंदही त्यानेच मोजायचे. मागच्या वर्षी दोरा का अडकला हे जगात सगळ्यांत चांगलं कुणाला माहीत असेल, तर त्यालाच. त्याला विचारलंस का कधी? मला पत्रावरून वाटलं, नसावंस. स्टेजवर यायचं की नाही ते त्याचं तो ठरवू दे.

हे फुलाचं प्रकरण नवं नाही बरं का. फ्रान्समधल्या ब्लुआ गावी १८०५ साली जन्मलेला रोबेर-उदँ हा मुळात घड्याळजी. १८४५ साली त्याने पॅरिसमध्ये स्वतःचं जादूचं नाट्यगृह उघडलं. तिथे तो संत्र्याचं एक झाड दाखवी. बघता बघता त्याला फुलं येत, मग फळं लागत, आणि ती फळं प्रेक्षकांना खायला देत! तेव्हा दुकानात विजेच्या मोटरी मिळत नव्हत्या. घड्याळजीची सगळी कारागिरी त्या झाडाच्या आत दडलेली होती. वीज मात्र त्याने दुसरीकडे वापरली. एक छोटी पेटी तो हलकी किंवा जड करून दाखवी. १८५६ साली अल्जीरियात भल्या दांडग्या माणसाला ती उचलता आली नाही, कारण खाली विद्युतचुंबक दडवलेला होता. आपल्या घरातले आजी-आजोबा पुण्याच्या जादूगार रघुवीरांच्या प्रयोगांविषयी सांगतील, त्यांना जरूर विचारा. युक्ती मात्र विचारू नका. ती त्यांनाही कळली नसणार.

याच आठवड्यात आणखी दोन मुलांनी विचारलंय की मित्राला पेटीत बसवून पेटी मोटरीने फिरवायची आहे, कुठली मोटर घेऊ? कुठलीच नाही. माणूस आत असेल तेव्हा मोटर नको. ओढणी, केस, बोटं अडकायला क्षण पुरतो. खाली बेअरिंगची फिरती चकती लावा आणि पेटी हाताने फिरवा. हाताने फिरवलेली पेटी जास्त रुबाबदारही दिसते.

पालकांना एक विनंती. या खेळात चार पेन्सिल सेलपलीकडे कुठलीही वीज लागत नाही. मुलं एक्स्टेंशन बोर्ड मागायला लागली तर समजा, काहीतरी भलतंच चाललंय.

आणि मैत्रिणी, संमेलनाच्या दिवशी सेल कोरे घाल. तालमीतले सेल घड्याळाला लाव. फूल वर यायला वीस सेकंद लागणार, तेवढ्या वेळात काय बोलायचं ते आधी लिहून काढ. मंत्र लांबलचक हवा. मी बाहुलीच्या वेळी फक्त "छू" एवढंच म्हणालो होतो आणि पुढचा सगळा वेळ गिरणीच ऐकू आली.

काय झालं ते दोघांनीही कळवा. वेगवेगळी पत्रं लिहिलीत तर जास्त आवडेल. आईला माझा नमस्कार सांग. आणि मिक्सरचे स्क्रू काढून ठेवले असशील, तर तिच्या लक्षात यायच्या आत ते आधी बसव.

तुमचा,
काका